वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी : भाग, कार्ये आणि नेहमीचे गैरसमज (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पेशीच्या अंगकांची (आतल्या ठरावीक काम करणाऱ्या भागांची) नावे आणि त्यांची एका ओळीतील कार्ये बहुतेकांनी कधी ना कधी पाठ केलेली असतात. मात्र 'हरितलवक (प्रकाशापासून अन्न बनवणारे हिरवे अंगक) असताना वनस्पतीला तंतुकणिका (अन्नातून ऊर्जा मिळवणारे अंगक) कशाला हवी?' असा साधा प्रश्न आला, की पाठांतर अपुरे पडते. पुढील प्रश्न निवडताना अशाच अडणाऱ्या जागांचा विचार केला आहे.

पेशी हे नाव कुणी दिले?

रॉबर्ट हूक याने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे पाहिले आणि त्यांना लहान खोली या अर्थाचा शब्द वापरला. गंमत अशी, की बूच हे मृत ऊतक आहे, त्यामुळे हूकने ज्याला पेशी म्हटले ती पेशी नव्हतीच. पेशी मरून गेल्यावर मागे उरलेल्या त्या भिंती होत्या. जिवंत एकपेशीय जीव काही वर्षांनी लेव्हेनहूक याने पाहिले, आणि ऑर्किडच्या पेशींमधील ठळक गोल पिंडाला केंद्रक हे नाव रॉबर्ट ब्राऊन याने १८३१ मध्ये दिले. सर्व वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात हे श्लायडेन याने १८३८ मध्ये, तर प्राण्यांबाबत तेच श्वान याने १८३९ मध्ये मांडले. नवी पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्माला येते, हा पेशी सिद्धांताचा उरलेला महत्त्वाचा भाग १८५५ मध्ये फिरशो याच्या लेखनातून सर्वत्र पोहोचला.

पेशी डोळ्यांनी दिसू शकते का?

सहसा नाही. प्राणी पेशी साधारणपणे १० ते ३० मायक्रोमीटर आणि वनस्पती पेशी १० ते १०० मायक्रोमीटर आकाराची असते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मानवी अंडपेशी सुमारे ०.१ मिलिमीटरची असल्याने ती जेमतेम ठिपक्यासारखी दिसू शकते. पेशीच्या आतील अंगकांची गोष्ट वेगळी आहे. प्रकाशावर चालणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, आणि रायबोझोम (प्रथिने बनवणारे कण) तर २० ते ३० नॅनोमीटरचेच असतात. म्हणून पाठ्यपुस्तकातील आकृतीत दिसणारे सगळे काही प्रयोगशाळेतील काचपट्टीवर दिसले नाही, तर त्यात पाहणाऱ्याचा दोष नसतो.

वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी यांच्यात मुळातला फरक कोणता?

वनस्पती पेशीत पेशीभित्तिका (बाहेरची ताठ भिंत), लवके (अन्न बनवणारी किंवा अन्न, रंगद्रव्ये साठवणारी अंगके) आणि मोठी मध्यवर्ती रिक्तिका (रसाची पिशवी) असते. प्राणी पेशीत हे तिन्ही नसते, पण तारककेंद्र (पेशी विभाजनात मदत करणारे अंगक) असते. परीक्षेपुरते हे उत्तर पुरते. मात्र हे चार मुद्दे सुटे लक्षात ठेवण्यापेक्षा त्यांमागचे कारण पाहावे. वनस्पती एका जागी उभी राहून प्रकाशापासून स्वतःचे अन्न तयार करते, म्हणून तिला लवके लागतात. प्रकाश गोळा करण्यासाठी पाने पसरावी लागतात आणि हाडांशिवाय उभे राहावे लागते, म्हणून ताठ भिंत आणि त्या भिंतीला आतून रेटणारी पाण्याने भरलेली रिक्तिका लागते. याउलट प्राण्याला अन्नाकडे जावे लागते. प्रत्येक पेशीभोवती कडक भिंत असती, तर स्नायू आकुंचन पावू शकले नसते आणि जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना आकारही बदलता आला नसता.

फरकांच्या तक्त्यामुळे एक नुकसान मात्र होते. केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी पिंड, रायबोझोम, प्रद्रव्यपटल (पेशीभोवतीचे पातळ आवरण) हे सर्व दोन्हीकडे सारखेच असते, आणि साम्यांची ही यादी फरकांच्या यादीपेक्षा बरीच लांब आहे, याकडे दुर्लक्ष होते.

पेशीभित्तिका आणि प्रद्रव्यपटल एकच का?

नाही, आणि वनस्पती पेशीत दोन्ही असतात. पेशीभित्तिका बाहेर असते, ती प्रामुख्याने सेल्युलोज या कर्बोदकाची बनलेली असते आणि पाणी व विरघळलेले लहान रेणू तिच्यातून सहज आरपार जातात. ती आधार देते, पण आत कोण यावे आणि कोण येऊ नये हे ठरवत नाही. ते काम तिच्या आतल्या बाजूला चिकटून असलेल्या प्रद्रव्यपटलाचे आहे. हे पटल सुमारे साडेसात नॅनोमीटर जाडीचे असून मेदरेणूंच्या दुहेरी थरात प्रथिने रोवून तयार झालेले असते. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडलेल्या प्रतिमानानुसार हा थर घट्ट नसून प्रवाही असतो, आणि त्यातील प्रथिने तळ्यावर तरंगणाऱ्या वस्तूंप्रमाणे आपली जागा बदलू शकतात.

ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे रेणू या मेदथरातून थेट पार होतात. आयन आणि शर्करा यांना मात्र प्रथिनांनी बनलेली दारे लागतात. पाणी थोड्या प्रमाणात थेट झिरपत असले, तरी ते वेगाने नेण्यासाठी वेगळ्या प्रथिन-वाहिन्या असतात. त्या शोधल्याबद्दल पीटर ॲग्री यांना २००३ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला.

मिठाच्या पाण्यात वनस्पती पेशीचे नेमके काय होते?

हे वाचण्यापेक्षा पाहावे, कारण वर सांगितलेली भित्तिका आणि पटल यांची फारकत येथे डोळ्यांसमोर घडते. जांभळट कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा रंगीत पापुद्रा चिमट्याने सोलून पाण्याच्या थेंबात ठेवावा आणि वर आच्छादक काच ठेवावी. विटांच्या भिंतीसारख्या लांबट पेशी दिसतात आणि प्रत्येक पेशी कडेपर्यंत जांभळ्या रसाने भरलेली असते. आता काचेच्या एका कडेला मिठाच्या तीव्र द्रावणाचा थेंब सोडून दुसऱ्या कडेला टिपकागद लावला, की द्रावण आत ओढले जाते. काही मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटू लागतो, आक्रसतो आणि अखेर पेशीच्या मधोमध गडद गोळ्यासारखा उरतो. भित्तिकेची चौकट मात्र होती तशीच राहते. चौकट आणि गोळा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत आता मिठाचे पाणी असते, कारण भित्तिकेने ते अडवलेले नसते. अडवले ते पटलाने.

या क्रियेला रससंकोच म्हणतात. बाहेरचे द्रावण अतिपरासारी, म्हणजे पेशीतील रसापेक्षा तीव्र असल्याने पाणी परासरणाने (पटलातून तीव्र द्रावणाकडे जाण्याच्या क्रियेने) पेशीबाहेर पडते. वेळीच साधे पाणी सोडले, तर गोळा पुन्हा फुगून चौकट भरून टाकतो. फार उशीर झाला, तर पेशी मरते आणि मग पाण्याचा उपयोग होत नाही.

मग साध्या पाण्यात पेशी फुटत का नाही?

वनस्पती पेशी फुटत नाही, प्राणी पेशी फुटते. तांबडी रक्तपेशी ऊर्ध्वपातित पाण्यात टाकली, की पाणी आत शिरत राहते आणि पटल ताणून अखेर फाटते. म्हणूनच शिरेतून दिले जाणारे सलाईन ०.९ टक्के मिठाचे, म्हणजे रक्ताशी समपरासारी (रक्ताइतक्याच तीव्रतेचे) असते. वनस्पती पेशीत मात्र पाणी आत शिरू लागले, की फुगणारी रिक्तिका भित्तिकेला रेटते, भित्तिका उलट रेटते आणि एका टप्प्यावर पाण्याचा आत येणारा ओघ थांबतो. हा आतील दाब मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाहूनही अनेकदा अधिक असतो. पाणी न मिळालेले रोप माना टाकते ते हा दाब कमी झाल्यामुळे.

रिक्तिका खरोखर रिकामी असते का?

नाव दिशाभूल करणारे आहे. पूर्ण वाढलेल्या वनस्पती पेशीत मध्यवर्ती रिक्तिका पेशीच्या आकारमानाचा ९० टक्क्यांपर्यंत भाग व्यापू शकते, आणि तिच्यात पाणी, क्षार, शर्करा, सेंद्रिय आम्ले, रंगद्रव्ये आणि काही वेळा विषारी द्रव्येही साठवलेली असतात. वरच्या प्रयोगातील जांभळा रंग रिक्तिकेतील रसाचाच होता. केंद्रक आणि पेशीद्रव्य तिच्यामुळे कडेला ढकलले जातात, त्यामुळे वनस्पती पेशीच्या आकृतीत केंद्रक नेमके मध्यभागी काढणे बहुधा चुकीचे ठरते.

प्राणी पेशींत रिक्तिका असल्याच तर लहान आणि तात्पुरत्या असतात. गोड्या पाण्यातील अमीबामध्ये मात्र आत शिरणारे जादा पाणी ठरावीक वेळाने बाहेर फेकणारी संकोची रिक्तिका असते. तिच्याशिवाय अमीबाची गत रक्तपेशीसारखीच झाली असती.

केंद्रक पेशीचे नियंत्रण करते हे कशावरून ठरले?

याचा एक देखणा पुरावा ॲसिटॅब्युलेरिया या समुद्री शैवालातून मिळाला. हे शैवाल काही सेंटिमीटर उंचीचे असूनही एकाच पेशीचे असते: तळाशी मुळासारखा भाग, वर दांडा आणि टोकाला छत्री. केंद्रक तळाच्या भागात असते. योआखिम हेमरलिंग याने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात वेगवेगळ्या आकाराच्या छत्र्या असलेल्या दोन जाती घेऊन एकीचा दांडा दुसरीच्या तळावर जोडला. नव्याने उगवलेली पहिली छत्री काही वेळा दोन्हींच्या मधल्या आकाराची होती. ती कापून टाकल्यावर उगवलेली छत्री मात्र ज्या जातीचे केंद्रक तळाशी होते, तिच्यासारखी निघाली.

याच प्रयोगांतील एक बारकावा अनेकदा सांगायचा राहून जातो. केंद्रक नसलेला कापलेला दांडा लगेच मरत नसे. तो बराच काळ जगे आणि कधी कधी एखादी छत्रीही उगवे, कारण केंद्रकाने आधी पाठवलेले संदेश पेशीद्रव्यात शिल्लक असत. तो साठा संपल्यावर मात्र पुढे काही घडत नसे. केंद्रक क्षणाक्षणाला हुकूम सोडत नाही. आराखडे त्याच्याकडे असतात आणि त्यांच्या नकला बाहेर जात राहतात, हे यातून चांगले समजते.

मानवी पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात, आणि त्यांतील डीएनए सरळ केला तर तो सुमारे दोन मीटर लांब भरेल. केंद्रकाभोवतीचे आवरण दुहेरी असून त्यावरील छिद्रांतून या नकला, म्हणजे आरएनए, बाहेर पडतात. आत दिसणाऱ्या गडद केंद्रकीत रायबोझोमचे भाग जुळवले जातात.

केंद्रक नसलेली पेशी असते का?

असते. मानवाची परिपक्व तांबडी रक्तपेशी केंद्रक आणि तंतुकणिका दोन्ही गमावून बसते, हिमोग्लोबिनसाठी जागा करते आणि सुमारे १२० दिवस काम करून नष्ट होते. वनस्पतींमध्ये अन्न वाहून नेणाऱ्या चाळणनलिकांच्या पेशीही केंद्रकाविना जगतात, त्या शेजारच्या सहपेशींच्या जिवावर.

आंतर्द्रव्यजालिका, रायबोझोम आणि गॉल्गी पिंड यांचा एकमेकांशी काय संबंध?

या तिघांची कार्ये सुटी पाठ केली तर ती एकमेकांत मिसळतात. एका प्रथिनाचा प्रवास पाहिला तर मिसळत नाहीत. इन्शुलिन घेऊ. स्वादुपिंडातील पेशीच्या केंद्रकातून इन्शुलिनच्या जनुकाची आरएनए नक्कल बाहेर येते. रायबोझोम ती वाचून अमिनो आम्लांची साखळी गुंफू लागतो, आणि साखळीच्या सुरुवातीच्या तुकड्यावरूनच हे प्रथिन पेशीबाहेर जायचे आहे हे ओळखले जाते. मग तो रायबोझोम आंतर्द्रव्यजालिकेच्या (पटलांच्या जाळ्याच्या) पृष्ठभागावर येऊन बसतो आणि वाढती साखळी जालिकेच्या आत सरकत जाते. असे रायबोझोम चिकटल्यामुळेच जालिकेचा तो भाग खडबडीत दिसतो. आत साखळीला घडी पडते आणि गंधकाचे बंध जुळतात. तेथून ती पटलाच्या लहान पिशवीत बसून गॉल्गी पिंडाकडे जाते, थाळ्यांच्या चळतीसारख्या त्याच्या कप्प्यांतून पुढे सरकते आणि साठवणीच्या पिशव्यांत भरली जाते. या पिशव्यांत साखळीचा मधला तुकडा कापला जातो आणि वापरण्याजोगे इन्शुलिन तयार होते. रक्तातील ग्लुकोज वाढले, की पिशव्या प्रद्रव्यपटलाशी एकरूप होऊन आतला माल बाहेर सोडतात, हेच पेशीउत्सर्जन.

रायबोझोम नसलेली गुळगुळीत जालिका वेगळी कामे करते: मेद आणि स्टिरॉइड संप्रेरके तयार करणे, आणि यकृताच्या पेशींत औषधे व विषारी द्रव्ये निष्प्रभ करणे. वनस्पती पेशीत गॉल्गी पिंडाकडे आणखी एक मोठे काम असते, ते म्हणजे पेक्टिनसारखी भित्तिकेची द्रव्ये तयार करून बाहेर पाठवणे.

लयकारिकांना आत्मघाती पिशव्या म्हणणे योग्य आहे का?

हे नाव लक्षात राहते, पण ते कामाचा फारच छोटा भाग सांगते. ख्रिश्चन द ड्यूव्ह यांनी १९५५ मध्ये नाव दिलेल्या या अंगकांत पाचक विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) असतात, ती सुमारे ५ इतक्या आम्लधर्मी सामूला (पीएचला) नीट काम करतात, आणि भोवतालच्या पेशीद्रव्याचा सामू ७ च्या थोडा वर असतो. त्यामुळे एखादी लयकारिका फुटली म्हणून पेशी लगेच स्वतःला पचवत नाही. लयकारिकेचे रोजचे काम आत्महत्येचे नसून झाडलोटीचे आणि पुनर्वापराचे आहे: बाहेरून गिळलेले जंतू पचवणे, निकामी झालेली अंगके मोडून त्यांतील कच्चा माल परत मिळवणे. या दुसऱ्या प्रक्रियेचा उलगडा केल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. लयकारिकेतील एकच विकर नसले तर काय होते, हे टे-सॅक्स या आनुवंशिक विकारात दिसते. न पचलेला मेद चेतापेशींत साचत जातो.

वनस्पती पेशीत ही पचनाची कामे बहुतांशी रिक्तिका करते.

तंतुकणिका फक्त प्राणी पेशीत असतात ना?

नाही. हा सर्वांत चिवट गैरसमज आहे, आणि तो 'वनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात, प्राणी श्वसन करतात' या अर्धवट वाक्यातून पसरतो. वनस्पती दोन्ही करतात, दिवसाही आणि रात्रीही श्वसन चालूच असते.

हरितलवकातही प्रकाशाच्या ऊर्जेवर एटीपी (पेशीच्या कामांना ऊर्जा पुरवणारा रेणू) तयार होतो, हे खरे. पण तो मुख्यतः तेथल्या तेथे कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा घडवण्यात खर्ची पडतो. ही शर्करा बाहेर पडून पेशीच्या आणि संपूर्ण झाडाच्या उपयोगी येते, आणि तिच्यातून पुन्हा एटीपी काढण्याचे काम तंतुकणिका करते. शिवाय जमिनीखालच्या मुळांना, अंकुरणाऱ्या बियांना आणि रात्रीच्या पानांना प्रकाश कुठला मिळणार? त्यांचा सारा भार तंतुकणिकेवरच असतो.

तंतुकणिकेचे बाहेरील पटल गुळगुळीत, तर आतील पटल घड्या घातलेले असते. घड्यांमुळे पृष्ठभाग वाढतो, आणि एटीपी बनवणारी प्रथिने याच पटलात बसलेली असल्याने घड्या जितक्या अधिक, तितकी क्षमता अधिक. ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला एकूण सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळतात, त्यांपैकी तंतुकणिकेबाहेर तयार होणारे निव्वळ दोनच.

कांद्याच्या पेशीत हरितलवके का दिसत नाहीत?

कारण कांद्याचा खाण्याचा भाग जमिनीत वाढतो आणि अन्न साठवतो. तेथे प्रकाशच नाही. त्याच रोपाच्या हिरव्या पातीत हरितलवके भरपूर असतात. 'वनस्पती पेशीत हरितलवके असतात' हे विधान म्हणूनच सैल आहे. 'लवके असतात' असे म्हणावे. अवर्णलवकांत स्टार्च साठतो, वर्णलवकांत लाल-पिवळी रंगद्रव्ये असतात, आणि हे प्रकार एकमेकांत बदलूही शकतात. टोमॅटो पिकताना हरितलवकांची वर्णलवके होतात, उजेडात राहिलेला बटाटा हिरवा पडतो तो अवर्णलवकांची हरितलवके झाल्यामुळे.

तंतुकणिका आणि हरितलवक यांच्याकडे स्वतःचा डीएनए कसा?

दोन्ही अंगके फार पूर्वी स्वतंत्र जिवाणू होती आणि दुसऱ्या पेशीत शिरून तेथेच स्थायिक झाली, असे आज मानले जाते. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये या कल्पनेची जोरकस मांडणी केली. डीएनए वर्तुळाकार, रायबोझोम जिवाणूंशी जुळणारे, विभाजन जिवाणूंसारखे दुभंगून, आवरण दुहेरी, असे अनेक पुरावे एकाच दिशेने जातात. मात्र ही अंगके आता स्वतंत्र राहू शकत नाहीत. मानवी तंतुकणिकेच्या डीएनएत केवळ ३७ जनुके उरली आहेत आणि त्यांतून १३ च प्रथिने बनतात. बाकीची शेकडो प्रथिने केंद्रकाच्या आराखड्यावरून बनून बाहेरून येतात.

तारककेंद्र नसताना वनस्पती पेशीचे विभाजन कसे होते?

गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणाऱ्या सूक्ष्मनलिका (प्रथिनांच्या बारीक नळ्या) तारककेंद्राशिवायही जुळवता येतात, आणि सपुष्प वनस्पती तेच करतात. नेचे आणि शेवाळी यांच्या पोहणाऱ्या पुंपेशींत मात्र तारककेंद्रे असतात, तेव्हा 'कोणत्याही वनस्पतीत नसतात' हे विधान टाळावे. खरा फरक शेवटच्या टप्प्यात दिसतो: प्राणी पेशी मध्यभागी आवळली जाऊन दुभंगते, तर ताठ भित्तिका आवळणे शक्य नसल्याने वनस्पती पेशीत मधोमध नवे पटल आणि नवी भिंत आतून बाहेर वाढत जाते.

पेशीभित्तिका दिसली म्हणजे ती वनस्पती पेशीच का?

नाही. कवकांची भित्तिका कायटिनची, तर बहुतेक जिवाणूंची पेप्टिडोग्लायकनची असते. जिवाणूंमध्ये तर पटलाने वेढलेले केंद्रकही नसते.

पेशीतील अंगके आकृतीत दाखवतात तशी एका जागी स्थिर असतात का?

हायड्रिलाचे कोवळे पान अखंडच पाण्याच्या थेंबात ठेवून पाहावे. ते केवळ दोन थर पेशींचे असल्याने काप घेण्याची गरज नसते. आधी हिरवे ठिपके निश्चल वाटतात. दिव्याच्या उबेत थोडा वेळ गेला, की ते एकामागोमाग एक भित्तिकेच्या कडेने सरकू लागतात, कोपऱ्यावर वळतात आणि पेशीची पूर्ण प्रदक्षिणा घालून परत येतात. हरितलवके स्वतः पोहत नसतात. पेशीद्रव्यातील प्रथिनतंतूंवरून चालणारी दुसरी प्रथिने त्या प्रवाहाला गती देतात आणि हरितलवके त्यात वाहून नेली जातात. एखाद्या पेशीत हालचाल दिसली नाही, तर शेजारची पेशी पाहावी. पान तोडताना दुखावलेल्या पेशींत हा प्रवाह थांबलेला असतो.